पडद्यामागचा मालक

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं पॅरिस. करमणुकीचे कार्यक्रम चालवणारा दांग्लार कर्जात गळ्यापर्यंत बुडालाय. सावकार दाराशी आलेत, आणि हा गृहस्थ मोंमार्त्र टेकडीवरच्या साध्या नाचघरात धोबीकाम करणाऱ्या निनीचा नाच पाहून नव्या धंद्याचे बेत आखतोय. जुना, बदनाम कॅनकॅन पुन्हा रंगमंचावर आणायचा, तोही इंग्रजी वळणाचं नाव देऊन. कारण तेव्हा इंग्रजी नावांची चलती!

फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वारच्या ‘फ्रेंच कॅनकॅन’ची (१९५५) ही सुरुवात. दांग्लारमागे खरा माणूस आहे. शार्ल झिडलर आणि जोझेफ ओलेर यांनी १८८९ साली ‘मूलाँ रूज’ हे नाचघर उघडलं, त्यातला हा झिडलर. रेन्वारने मात्र इतिहासाला बिनधास्त मुरड घातली.

१९३९नंतर रेन्वारने मायदेशात केलेला हा पहिला चित्रपट. मधल्या काळात तो अमेरिकेत राहिला, बंगालमध्ये हुगळीकाठी ‘द रिव्हर’ चित्रित करून गेला. तिथेच तरुण सत्यजित राय त्याच्याबरोबर चित्रीकरणाच्या जागा शोधत हिंडले. ‘फ्रेंच कॅनकॅन’साठी त्याने मोंमार्त्रच्या गल्ल्या स्टुडिओतच उभारल्या. वडील चित्रकार ओग्युस्त रेन्वार. त्यांच्या कॅनव्हासवरचे रंग मुलाच्या टेक्निकलरमध्ये उतरलेले दिसतात.

कथा तशी प्रेमाची. निनीवर (फ्राँस्वाझ आर्नूल) बेकरीतला पोरगाही जीव टाकतो आणि एक राजपुत्रही. तिचा जीव मात्र दांग्लारवर. ‘मूलाँ रूज’च्या उद्घाटनाच्या रात्री त्याचं लक्ष नव्या गायिकेकडे वळल्याचं तिला कळतं आणि ती खोलीचं दार लावून बसते. आपल्याकडच्या सवयीने प्रेक्षक नायकाच्या विनवणीची वाट पाहतो. पण ज्याँ गाबँचा दांग्लार चक्क तिच्यावरच उखडतो. मी कुणा एकीचा होणार नाही, आपण सगळे प्रेक्षकांचे चाकर, जमत नसेल तर जा, असा त्याचा रोख. हा माणूस स्वार्थी आहे, आणि रेन्वार ते लपवत नाही. तरीही त्याचं म्हणणं निनीला पटतं. ती नाचायला उतरते.

मग पडदाभर झालरी, उसळणारे पाय, प्रेक्षकांमध्येच घुसलेल्या नर्तकी. दांग्लार हे काहीच पाहत नाही. तो आत खुर्चीत बसून बाहेरच्या ठेक्यावर पाय हलवतो. नाच कसा वठतोय हे त्याला आवाजावरून कळतं. चित्रपटातला सर्वांत खरा धंदेवाईक क्षण हाच.

गायिका एदित पियाफही यात क्षणभर दिसते. रेन्वारने स्वतः लिहिलेलं, जॉर्ज व्हान पारीसने चाल दिलेलं मोंमार्त्रचं गाणं चित्रपटाबाहेरही गाजलं. २००१च्या हॉलिवूडी ‘मूलाँ रूज!’मध्ये ते रूफस वेनराइटच्या आवाजात पुन्हा ऐकू आलं.