नाईटची झोप कुठल्या तारखेची?

सोमवारी रात्री कामावर गेलेला माणूस मंगळवारी सकाळी साडेआठला अंथरुणावर पडतो. ही झोप सोमवारची धरायची की मंगळवारची? झोपेची वही लिहायला बसलं की पेन पहिल्या ओळीवरच अडतं ते इथे. दिवसपाळीवाल्याला हा प्रश्न पडत नाही. पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्या दापोडीत मात्र चाकण-भोसरीच्या कारखान्यांत फिरत्या पाळ्या करणारे पुष्कळ आहेत. हजेरी आणि साप्ताहिक सुट्टीच्या हिशेबात हा गुंता त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो.

कायद्याने तो कधीच सोडवलाय. 1948 च्या कारखाना कायद्यातल्या कलम 57 नेच ठरवलं होतं की मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीत बारानंतरचे तास आदल्या दिवसाच्या खात्यात जातात आणि सुट्टी म्हणजे पाळी सुटल्यापासूनचे सलग चोवीस तास. पाळी सोमवारची, तेव्हा तिच्यामागची मंगळवार सकाळची झोपही मी सोमवारच्या ओळीत लिहितो.

वही गणिताची, चौकटींची. एका ओळीत चोवीस चौकटी, एक चौकट म्हणजे एक तास. झोपतज्ज्ञ वापरतात त्या दोन आठवड्यांच्या तक्त्यात ओळ दुपारी बाराला सुरू होते. रात्री झोपणाऱ्याची झोप त्यात मधोमध सलग दिसते, पण नाईटवाल्याची झोप बाराच्या रेघेवर कापली जाऊन अर्धी एका ओळीत नि अर्धी दुसऱ्या ओळीत पडते. म्हणून माझी ओळ संध्याकाळी सहाला सुरू होते. फर्स्ट, सेकंड, नाईट, कुठलीही पाळी असो, संध्याकाळी सहाला मी जागाच असतो.

अंथरुणावर पडलो तिथे खाली बाण, उठलो तिथे वर बाण. झोप लागली तेवढ्या चौकटी पेन्सिलीने काळ्या. चहाला ‘च’, डोकेदुखीच्या गोळीला ‘गो’, बसमधल्या डुलकीला ‘डु’. ही डुलकी लोक हिशेबात धरत नाहीत. चाकणहून नाशिक फाट्यापर्यंत कंपनीच्या बसमध्ये मान टाकून घेतलेली झोप ही झोपच असते आणि घरी आल्यावर डोळा लवकर का लागत नाही याचं उत्तर बऱ्याचदा तिच्यातच असतं. फाट्यावरून मेट्रोने तिसरं स्टेशन दापोडी. तेवढ्यात डोळा लागला तर माणूस थेट बोपोडीला.

वही भरायची ती उठल्यावर तासाभराच्या आत, आणि अंदाजाने. ‘झोप लागायला साधारण अर्धा तास, मध्ये दोनदा जाग.’ घड्याळ बघून मिनिटं टिपायची नाहीत, कारण घड्याळाकडे बघत बसलेल्या माणसाला झोप येत नाही. संशोधकांनी मिळून 2012 साली एक सामाईक झोप-नोंदवही ठरवली, तीही माणसाच्या अंदाजावरच चालते. मनगटावरचा पट्टा मुख्यतः हालचालीवरून झोप ओळखतो आणि छताकडे बघत निपचित पडलेल्या माणसाला झोपलेला समजण्याची चूक करतो. वहीचा अंदाजही चुकतो, पण का झोप आली नाही हे वहीत लिहिता येतं.

त्यासाठी शेवटचा रकाना, शेरा. माझ्या मते खरी वही तीच. ‘पाणी’ हा शब्द तिथे दिवसाआड येतो. नोव्हेंबर 2019 पासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी आहे आणि नळ आला की घरातले हंडे-बादल्या कुणाच्या नाईटसाठी थांबत नाहीत. बाकी शेरे असे: कुकर, बेल, पार्सलवाला, खालच्या मजल्यावरचं ड्रिल, पोरगं शाळेतून आलं. रेल्वेमार्ग जवळ असूनही गाडीचा शेरा क्वचितच. रोजच्या, ठरावीक आवाजाला मेंदू सरावतो. पण आपल्या नावाची हाक झोपेतही त्याला ओळखू येते. धडधडत गेलेली एक्सप्रेस जे करत नाही, ते दाराबाहेर कुणी दबक्या आवाजात घेतलेलं नाव करतं.

शेरे वाचून घरच्यांवर राग काढायचा मोह होतो. तो आवरायला वहीच उपयोगी पडली. ज्या दिवशी पाणी नव्हतं, घरचे गावाला होते, बेल वाजली नव्हती, त्याही दिवशी पेन्सिलीचा काळा पट्टा दुपारी एकच्या आसपासच तुटलेला. म्हणजे दोष कुकरचा कमी, शरीराचा जास्त. आपलं शारीरिक तापमान पहाटे चार-पाचच्या सुमाराला तळाला असतं, मग दिवसभर चढत जातं. चढत्या तापमानात आलेली झोप टिकत नाही. शरीराचं हे घड्याळ पेशीपेशीत कसं चालतं ते शोधल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. त्यात कॅन्टीनचा पहाटे चारचा चहा. कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात, म्हणजे नऊ वाजता त्या चहाचा निम्मा अंमल बाकीच. ‘च’ दोन वाजताच्या चौकटीत सरकवणं तेवढं आपल्या हातात होतं.

आता आकडेमोड. साडेआठला पडलो, अडीचला उठलो, म्हणजे अंथरुणावर सहा तास. त्यातली झोप साडेचार तास. 270 भागिले 360, म्हणजे 75 टक्के. 85 च्या वर चांगलं मानतात. टक्का कमी असेल तर अंथरुणावरचा वेळच कमी करायचा, ही उलटी वाटणारी रीत आर्थर स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये मांडली. तिचा पाया असली वहीच. पण मशीनवर उभं राहणाऱ्याने किंवा गाडी चालवणाऱ्याने ती मनाने करू नये. पहिले काही दिवस पेंग वाढते आणि प्रेस मशीनपुढे पेंग परवडत नाही.

वहीने सगळ्यात जास्त चकवलं ते फर्स्टच्या आठवड्यात. शॉपवर सगळे नाईटला शिव्या देतात आणि फर्स्ट म्हणजे आराम समजतात: तीनला सुटका, संध्याकाळ मोकळी. चौकटी मोजल्या तर काळा पट्टा नाईटइतकाच आखूड. बस पकडायला साडेचारला उठायचं म्हणजे नऊला झोपायला हवं. पण नऊला घरात टीव्ही, जेवणं, पोराचा अभ्यास, आणि शरीरालाही त्या वेळी झोप नको असते. पडतो दहाला, डोळा लागतो अकरा वाजून गेल्यावर. सगळ्यात लांब पट्टे सेकंडचे. रात्री साडेबाराला घरी, एकला झोप, आठ-साडेआठपर्यंत सलग. ज्या पाळीत बायको-पोरांची धड गाठ पडत नाही म्हणून ती नकोशी, तीच झोपेला सगळ्यात मानवणारी निघाली. पाळी बदलून मागायची तर कुठली मागावी, यावर घरी अजून एकमत नाही.