जुनी मोटार घेतांना

जुनी मोटार पाहावयास गेलेला मनुष्य प्रथम रंग पाहतो. आणि विकणारानें नेमकी तेवढीच तयारी केलेली असते. सांताक्रूझ येथें २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईंतील असंख्य मोटारी बुडाल्या. अशी बुडालेली गाडी धुऊन-पुसून बाजारांत येऊं शकते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आंत गुंडाळलेल्या टोकाला चिखलाचा डाग राहतो. पायांखालचें कार्पेट उचलावें, स्टेपनीच्या खळग्यांत हात फिरवावा. अत्तराचा घमघमाट असेल तर संशय अधिकच बाळगावा! तारांच्या जोडांत शिरलेला गंज पुष्कळदां महिन्यांनीं बाधतो. मग अपघाताच्या क्षणीं एअरबॅग उघडेलच, असा भरंवसा नाहीं. विम्याची भरपाई पूर्वीं घेतली होती काय, हेंही विचारावें.