नकार देण्याचे बळ

नोकरी सुटली, की मध्यमवर्गीय घरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात: अर्जांची धावपळ आणि अडचणीची लपवाछपवी. पहिलीविषयी उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. दुसरीविषयी कोणी बोलत नाही. वास्तविक नव्या नोकरीच्या शोधात असलेल्या माणसाची शिल्लक ही केवळ पोटापाण्याची तरतूद नसते. समोर आलेली पहिलीच, कमी पगाराची नोकरी नाकारण्याचे बळ त्याला तिच्यातूनच लाभते. ज्याच्यापाशी महिनाभराचाच खर्च उरला आहे, तो वाटाघाट करीत नाही. तो शरण जातो.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाच्या योग्यायोग्यतेचा वाद येथे बाजूला ठेवू. वर्षाहून अधिक काळ अनेकांनी पगाराविना तग धरला, तो बँकेतल्या ठेवींच्या आधारावर नव्हे. चाळीतल्या खोलीचे भाडे अल्प होते आणि कित्येकांना कोकणात वा घाटावर परतण्यापुरते घर व थोडीबहुत जमीन होती. आजचा पुण्या-मुंबईचा नोकरदार त्यांच्याहून पुष्कळ अधिक मिळवितो. परंतु त्याच्या पगाराचा मोठा भाग हाती येण्याआधीच घराच्या आणि गाडीच्या हप्त्यांत बांधला गेलेला असतो. पगार थांबतो, हप्ता थांबत नाही. म्हणूनच त्याची काटकसर नोकरी सुटल्यावर नव्हे, तर ती बदलण्याचा विचार मनात आला त्याच दिवशी सुरू व्हावयास हवी.

हिशेब साधा आहे. समजा, दरमहा 40 हजार रुपये खर्च असलेल्या घरात 1 लाख 20 हजारांची शिल्लक आहे. ती तीन महिने पुरेल. खर्च 30 हजारांवर आणला, तर चार महिने. हीच कपात पगार चालू असतानाच्या शेवटच्या तीन महिन्यांत केली, तर आणखी 30 हजारांची भर पडून तीन महिन्यांचे पाच होतात. ही दोन महिन्यांची सवड कोणत्याही शिफारसपत्राहून मोलाची ठरते.

मात्र काटकसर कोठे करू नये, हेही जाणले पाहिजे. कंपनीने काढलेल्या सामुदायिक आरोग्यविम्याचे छत्र सहसा नोकरीबरोबरच जाते. अशा वेळी स्वतःच्या विम्याचा हप्ता चुकविणे म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर छप्पर विकणे होय. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलीत राहिल्यास महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढते. त्यापेक्षा हप्ता थकण्यापूर्वीच बँकेशी बोलणे शहाणपणाचे. भविष्यनिर्वाह निधीला हात लावण्याचा मोहही असाच. पाच वर्षांची सलग सेवा पूर्ण होण्याआधी काढलेली रक्कम सामान्यतः करपात्र ठरते आणि निवृत्तिवेतनाच्या हक्कासाठी दहा वर्षांची सेवा लागते. खाते नव्या नोकरीत वर्ग केले, तर ही गणना तुटत नाही.

सर्वांत महाग पडतो तो संकोच. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू नये म्हणून जुनाच थाट चालविणारा माणूस घरच्यांनाही अंधारात ठेवतो. पण खर्च घर करते; कपातही घरालाच करावी लागते. ज्या घरात जमाखर्चाची वही सर्वांसमोर उघडली जाते, तेथे निम्मी चिंता वाटून घेतली जाते.

हा सारा भार व्यक्तीनेच वाहावा काय, हा प्रश्न उरतोच. अंगमेहनत करण्यास तयार असलेल्या ग्रामीण मजुराचा कामाचा हक्क महाराष्ट्राने 1977 च्या रोजगार हमी कायद्याने मान्य केला. शहरी पगारदारासाठी असा व्यापक आधार उभा राहिला नाही. राज्य कामगार विमा महामंडळाने 2018 साली बेकारी भत्त्याची योजना आणली आणि 2020 मध्ये भत्ता सरासरी वेतनाच्या 25 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर नेला. परंतु तिची मुदत 90 दिवसांची आणि लाभ केवळ विमाधारक कामगारांपुरता. त्या कक्षेबाहेरच्या नोकरदाराला बेकारीचे दिवस स्वतःच्या शिलकीवरच काढावे लागतात. योग्य जागी योग्य माणूस बसावा, असे ज्या समाजाला वाटते, त्याने त्या माणसाला शोधापुरती उसंत मिळेल अशी व्यवस्थाही केली पाहिजे. तोवर ती उसंत ज्याची त्याला आपल्या चालू पगारातूनच बाजूला काढावी लागणार.