टाके अनुदानाचे, मजुरी कोणाची?

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत ओल्या कचऱ्याच्या अनुदानाची माहिती सांगत होते. मागे बसलेल्या एका मामीने मधेच विचारले, "बाई, शेण आमचं, कचरा आमचा, खत आमच्याच वावरात जाते. मग सरकार पैसा कायले देते?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी येताना वाटले की प्रश्न बरोबर आहे. आपण फॉर्म भरायला शिकतो, पण पैसा कशासाठी आला ते कोणी सांगत नाही. म्हणून आजचे बोलणे मामीच्या प्रश्नापासूनच सुरू करते.

भाजीची देठे, शिळा भात, फळांच्या साली, शेण हे सगळे कुजणारच. प्रश्न आहे तो हवा लागून कुजते की हवेवाचून, एवढाच. उघड्यावर, वारा लागत, थोडे ओलसर राहून कुजले तर चांगले खत होते. पण तेच शहराच्या कचरा डेपोत वीस फूट ढिगाऱ्याखाली दाबले गेले, वरून प्लॅस्टिक पडले, पावसाचे पाणी मुरले, तर आत हवा उरत नाही. हवेवाचून जगणारे जंतू ते कुजवतात आणि त्यातून मिथेन वायू निघतो. डेपोला आपोआप आग लागते आणि दिवसेंदिवस विझत नाही, त्यामागे हाही वायू असतो. हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा फार जोरकस आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे २८ पट आणि वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटींच्या आसपास. आपल्या चंद्रपूरचा मे महिना ज्यांनी अंगावर काढला आहे त्यांना हवा तापणे म्हणजे काय ते मी सांगायला नको.

मिथेनची एक गोष्ट मात्र चांगली आहे. तो हवेत साधारण बारा वर्षेच टिकतो, म्हणून आज कमी केला तर फरक लवकर दिसतो. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत शंभरावर देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्के कमी करण्याचे वचन दिले. भारत त्यात नाही. आपल्याकडे मिथेन मुख्यतः ढोरांतून आणि धानाच्या पाणी साचलेल्या बांध्यांतून निघतो, म्हणजे गरिबाच्या पोटाशी जोडलेला आहे. धानाचा विषय मोठा आहे, तो पुन्हा कधी. पण कचऱ्यातला मिथेन कमी करताना कोणाच्या ताटातले काही कमी होत नाही. म्हणून त्यावर सगळीकडेच पैसा लागतो आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने तर २०१६ मध्ये कायदाच केला की कुजणारा तीन चतुर्थांश कचरा डेपोत जाऊ द्यायचा नाही.

तर मामी, सरकार पैसा देते तो तुमच्या खतासाठी कमी आणि डेपोत ढीग होऊ नये म्हणून जास्त. झालेला ढीग उपसणे महाग पडते. शहरांच्या स्वच्छ भारत अभियानात जुना कचरा साफ करायचा सरकारी दर टनाला ५५० रुपये धरला आहे. आपल्या तालुक्याच्या गावांच्या नगरपंचायती झाल्या आहेत आणि गावाबाहेर नाल्याकाठी त्यांचे ढीग वाढताना आपण बघतोच आहोत.

आता पैशाचे बोलू. कागद-पेन्सिल जवळ घ्या.

गावासाठी मोठा निधी स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्याचा आहे, तो २०२० मध्ये मंजूर झाला. त्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत आणि सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत मिळतात. म्हणजे १२०० वस्तीच्या गावाला कचऱ्यासाठी ७२,००० रुपये. पण यातले ३० टक्के, म्हणजे २१,६०० रुपये, ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या पैशातून घालायचे आणि उरलेले ५०,४०० मिशनकडून येतात. ग्रामपंचायतीने आपला हिस्सा घातला नाही की काम अडते, आणि बहुतेक ठिकाणी ते इथेच अडलेले असते. पहिला प्रश्न तोच विचारा.

गडचिरोलीच्या ताईंनी इकडे विशेष कान द्यावा. दीडशे वस्तीच्या गावाचा माणशी हिशेब केला तर कचऱ्याचे ९,००० आणि सांडपाण्याचे ४२,००० होतात. ५१ हजारांत काय होणार म्हणून फाइल बाजूला पडते. पण छोट्या गावाला गरजेप्रमाणे दोन्ही कामे मिळून किमान एक लाख रुपये वापरता येतात, अशी सोय मार्गदर्शक सूचनांत आहे. शिवाय पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी २०१५ पासून थेट मिळतो. आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हा त्यातल्या खर्चाचा एक मान्य विषय आहे. तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. एकटे सरपंच नाही आणि ग्रामसेवकही नाही. (त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. आपल्या तोंडून ग्रामसेवकच निघणार.)

घरच्या टाक्यासाठी रोजगार हमी आहे. २०२१ च्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत गाईचा गोठा, शेळीचे शेड यांच्याबरोबर नाडेप खताच्या टाक्याला १०,५३७ रुपयांचा अंदाज धरला होता. दर आणि नियम बदलत राहतात, चालू दर पंचायत समितीत विचारा. चार-पाच ढोरे असतील आणि रोज ५० किलो शेण निघत असेल तर दोन घनमीटरचा गोबरगॅस घ्या, चूलही सुटते. केंद्राच्या जैवऊर्जा कार्यक्रमात २०२२ च्या सूचनांप्रमाणे दोन ते चार घनमीटरच्या संयंत्राला १४,३५० रुपये अनुदान ठरले होते आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबांना त्याहून जास्त. त्याच शेणातला मिथेन हवेत न जाता शेगडीत जळतो, हा त्यातला दुहेरी फायदा.

नाडेप हे नाव कुठून आले ते बऱ्याच जणींना माहीत नसते. ते आपल्या विदर्भातलेच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, लोक त्यांना नाडेपकाका म्हणत, त्यांनी ही पद्धत बसवली. टाके १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. विटांच्या भिंतीत मुद्दाम भोके ठेवायची, कारण सगळा जीव त्या भोकांत आहे. हवा तिथूनच आत जाते. मी एका गावात पाहिले, गवंड्याने "भिंत कच्ची राहते" म्हणून सगळी भोके बुजवून गुळगुळीत प्लॅस्टर मारले होते. दिसायला फार सुंदर. आत हवा नाही, म्हणजे लहानसा कचरा डेपोच बांधला म्हणा.

भरायची रीत सोपी आहे. सहा इंच काडीकचरा आणि ओला कचरा, त्यावर चार-पाच किलो शेण पाण्यात कालवून शिंपडायचे, त्यावर पन्नास-साठ किलो चाळलेली माती. असे थर वरपर्यंत, शेवटी घुमटासारखे करून शेणमातीने लिंपायचे. दोन-तीन आठवड्यांत ते खाली बसते, मग पुन्हा भरून लिंपायचे. पूर्ण टाक्याला शेण फक्त शंभर किलोच्या आसपास लागते आणि तीन-चार महिन्यांत जवळपास तीन टन खत निघते. लिंपण तडकले की पाणी शिंपडा. पालापाचोळ्यासाठी जंगलात जाऊ नका, जंगलाचे खत जंगलाला राहू द्या. सांदवाडीतला आणि धुऱ्यावरचा, जो आपण रोज सकाळी झाडून पेटवतो, तोच पुरून उरतो.

कोंबडीची पिसे, मटणाचा कचरा, मेलेली जनावरे टाक्यात किंवा उकिरड्यावर अजिबात नको. ते खोल पुरायचे. त्या वासाने कुत्री आणि डुकरे येतात आणि त्यांच्यामागे बिबट येतो. चंद्रपूरजवळ दुर्गापूर-ऊर्जानगर भागात २०२२ मध्ये वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे गेली, ते आपण विसरलेलो नाही. गावाच्या कडेचा उकिरडा आपल्याकडे फक्त वासाचा आणि माशांचा प्रश्न नाही. पहाटे बाहेर निघणाऱ्या बाईच्या जिवाचा तो प्रश्न आहे.

आता जे सांगायला मला थोडे जड जाते ते सांगते.

आमच्या एका गावात दोन टाकी आणि एक शेड बांधले गेले. रकमेचा फलक रंगवला, फोटो झाला. मग तीन वर्षे तिथे शेळ्या बांधल्या जात होत्या, कारण रोज कचरा कोण आणणार ते कुठेच लिहिलेले नव्हते. अनुदान विटा-सिमेंटला होते, झाडणाऱ्या हाताला नव्हते. मी गटाला म्हटले, आपण चालवू. नऊ जणी तयार झाल्या. हातगाडी घेऊन पाळीपाळीने घरोघर जाऊ लागल्या. मानधन देऊ असे आम्हाला तोंडी सांगितले गेले आणि मी त्यावर विश्वास ठेवला. आठ महिने झाले, एक रुपया आला नाही. कागद दाखवा म्हटले तर माझ्याकडे कागद नव्हता. तीन जणींनी काम सोडले. त्यातली एक एकटीने दोन मुली वाढवते. कापसाच्या वेचणीची मजुरी सोडून ती माझ्या शब्दावर आली होती. तिने मला काही म्हटले नाही, फक्त पुढच्या बैठकीला आली नाही. तिचे ते न येणे मला अजून टोचते.

त्यानंतर आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यावीच लागते. तिथे ठराव लिहून घेतला: टाकी गटाच्या ताब्यात, खतावर हक्क गटाचा, प्रत्येक घरामागे महिना २० रुपये आणि वसुलीची जबाबदारी ग्रामपंचायतीची. तोच ठराव ग्रामसभेत मांडला, वाचून दाखवायला लावला, इतिवृत्ताची प्रत घेतली आणि गाव विकास आराखड्यात काम चढवले. २१० घरांपैकी पैसे देतात साधारण १३०. महिन्याला २,६०० रुपये येतात आणि चार जणींत ६५० वाटून जातात. फार नाही, मजुरी म्हणावी इतके तर नाहीच. खताचा आधार आहे. मागच्या भरणीची चाळीस पोती भाजीवाल्यांनी २०० रुपये दराने नेली, बाकीचे आमच्याच सांदवाड्यांत गेले. वित्त आयोगाच्या बंधित निधीत स्वच्छतेचा वाटा असतो आणि घरगुती कचऱ्याचे व्यवस्थापन त्यात बसते. त्यातून मानधन मिळावे म्हणून आमचा अर्ज पडून आहे. मी दर पंधरा दिवसांनी जाऊन त्याच्याविषयी विचारते.

म्हणून तुमच्या गावात कोणी "टाके मंजूर झाले, सही करा" म्हणून आले तर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. पुढची पाच वर्षे रोज कचरा कोण आणणार? तिला कोण, कोणत्या खात्यातून देणार? आणि खत कोणाचे? उत्तर तोंडी आले तर चहा पाजा आणि ठराव होईपर्यंत थांबा. अनुदान मिळवून देतो म्हणून आधी पैसे मागणारा कोणी भेटला तर चहाही पाजू नका. या कोणत्याही योजनेत दलालाला जागा नाही.

दोन-तीन गटांनी खत पोत्यात भरून, नाव छापून विकायचे आहे असे कळवले आहे. उत्साह चांगला आहे, पण घाई करू नका. शेजारच्या शेतकऱ्याला सुटे देणे वेगळे आणि छापील पोते दुकानात ठेवणे वेगळे. दुसऱ्याला १९८५ चा खत नियंत्रण आदेश लागतो, नमुना तपासावा लागतो, काच-प्लॅस्टिकचा तुकडा चालत नाही. आधी तालुका कृषी कार्यालयात विचारा. गांडुळे आणि प्रशिक्षण हवे असेल तर चंद्रपूरच्या ताईंना सिंदेवाहीचे आणि गडचिरोलीच्या ताईंना सोनापूरचे कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे.

ज्या मामीने प्रश्न विचारला होता, तिने परवा निरोप पाठवला. तिच्या टाक्याला भोके ठेवायला गवंडी तयार नाही, भिंत पडेल म्हणतो. मामी, त्याला सांगा की वरचा आणि खालचा थर सिमेंटमध्ये घे, मधे एका थराआड एक भोके सोड. तरी ऐकत नसेल तर मंगळवारी मी त्या बाजूला येतेच आहे, त्याला थांबवून ठेवा.