छतातून पडणारी पत्रे

मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्या थिऑसॉफिकल सोसायटीचे ठाणे आधी गिरगावात होते, मग ब्रीच कँडीच्या ‘क्रोज नेस्ट’ बंगल्यात. दूर हिमालयापलीकडचे महात्मे धाडतात ती पत्रे इथे छतातून पडतात, असे सांगितले जाई.

लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने रिचर्ड हॉजसन यांना तपासासाठी पाठवले. डिसेंबर १८८४ मध्ये ते भारतात आले. साक्षी घेऊन ते थांबले नाहीत, जागाही पाहिल्या. या तपासाचे खरे मोल तिथेच आहे. बंगल्यात पत्रे पडत त्या खोलीचे छत फळ्यांचे होते आणि वर पोटमाळा. ठाणे नंतर मद्रासजवळ अड्यारला गेले; तिथे चमत्कारांचे कपाट ज्या भिंतीला टेकून होते, तिच्यापलीकडे ब्लाव्हाट्स्कींचीच खोली होती. पूर्वी त्यांच्या घरची व्यवस्था पाहणाऱ्या एमा कूलाँ यांनी ब्लाव्हाट्स्कींची म्हणून उघड केलेली पत्रे हस्ताक्षरतज्ज्ञाकडे गेली. डिसेंबर १८८५ चा अहवाल सुमारे २०० पानांचा, निष्कर्ष फसवणुकीचा.

तपासनीसही तपासाबाहेर राहिला नाही. १९८६ मध्ये याच संस्थेचे सदस्य व्हर्नन हॅरिसन यांनी हॉजसन यांचा हस्ताक्षराचा पुरावा कच्चा आणि एकतर्फी ठरवला. संस्थेने तो लेख आपल्याच नियतकालिकात छापला.