छतावरचं ऊन आणि हातातलं वीजबिल

मे महिन्याचं वीजबिल हातात पडलं की घरोघरी तीच चर्चा. पंखा, कूलर, फ्रिज, मुलांच्या अभ्यासाचा दिवा. यातलं बंद काय करायचं? महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटच्या पुढचा दर जवळपास दुप्पट होतो. म्हणून छतावरच्या सौरऊर्जेकडे आम्ही पर्यावरणाच्या आधी या हिशेबातून पाहतो.

१ किलोवॅटचं संयंत्र आपल्याकडच्या उन्हात दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट वीज देतं. पावसाळ्यात अर्थातच कमी. जागा लागते सुमारे १०० चौरस फूट, तीही सावली नसलेली. पाण्याच्या टाकीची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन चांगलंच घटतं. दिवसा उरलेली वीज महावितरणच्या तारांत जाते, रात्री आपण तिथूनच घेतो. नेट मीटर दोन्हींची नोंद ठेवतो. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो.

एक गैरसमज आधीच दूर करू. बॅटरी नसलेलं संयंत्र असेल तर लाईट गेल्यावर तेही बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या प्रवाहाचा धक्का बसू नये म्हणून ही सोय केलेली असते. विक्रेते हे सहसा सांगत नाहीत.

केंद्राच्या २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० आणि ३ किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. राज्याच्या २०२५ च्या ‘स्मार्ट’ योजनेत दारिद्र्यरेषेखालील आणि १०० युनिटपेक्षा कमी वापराच्या घरांना जादा मदत आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांना आणखी थोडी.

पण अनुदान कुणाला? ज्याच्या नावावर वीजजोडणी आणि ज्याच्या हक्काचं छत, त्याला. आपल्या अनेक वस्त्यांत मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे, वर पत्रे आहेत, किंवा घरच भाड्याचं आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात विजेचं धोरण हाताळताना बाबासाहेबांचा आग्रह स्वस्त आणि मुबलक विजेचा होता. ती स्वस्ताई आज आधी स्लॅबवाल्यांच्या घरी पोचते आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी विक्रेत्याचं पत्रक वाटण्याआधी वस्तीतली बिलं गोळा करावीत. कुणाचं नाव बदलायचं, कुणाची थकबाकी आहे, कुणाचं छत वजन पेलेल, याची यादी एका रविवारी होते. मीटर वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज त्याच दिवशी भरून घेता येतो.