राखेखालचा निखारा

ल्यूपस या व्याधीत शरीराची रक्षकशक्ती स्वकीयांवरच उलटते. दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात. मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिस सुरू झाले, की पुष्कळदा हा रोग निवतो. 'ल्यूपस संपला' असे वाटणे मग स्वाभाविकच. येथेच आम्ही वाचकांना सावध करू इच्छितो. काहींच्या शरीरात तो राखेखाली धुमसतच असतो. ताप, सांधेदुखी, अंगावरील चट्टे, रक्तपेशींची घट ही त्याची चिन्हे. परंतु थकवा व रक्तक्षय मूत्रपिंडाच्या विकारानेही येतात आणि फसगत होते. यास्तव रक्ततपासणी चुकवू नये, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसारखे औषध आपल्या मनाने सोडू नये. मूत्रपिंडरोपणही रोग शांत असतानाच करणे इष्ट. गृहिणी दुखणे अंगावर काढते. तिची विचारपूस करणे घरच्यांचे कर्तव्य होय.